जिवंत कोणी केले?

कबड्डीच्या सामन्याची बातमी मराठीत एका ठरलेल्या चालीने लिहिली जाते. अमुक चढाईपटूच्या खोलवर चढायांच्या बळावर तमुक संघाने विजय खेचून आणला, हे पहिले वाक्य. त्याला अन्य सहकाऱ्यांनी पकडीत मोलाची साथ दिली, हे दुसरे. ही दोन वाक्ये आपण इतक्या वेळा वाचलेली असतात की त्यांची रचना आता डोळ्यांना जाणवतही नाही. परंतु ज्यांचा व्यवसायच वाक्ये वाचण्याचा आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तरी येथे क्षणभर थांबावे. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, पराक्रम आहे, फळ आहे. दुसऱ्या वाक्यात केवळ 'साथ' आहे. पकड करणारे पाच-सहा गडी तेथे एका अनेकवचनात गोळा होतात आणि बातमी पुढे सरकते.

आमचे म्हणणे असे की या वाक्यांचा क्रम खेळाच्या कार्यकारणाला धरून नाही. चढाईपटूची कामगिरी म्हणून जिची नोंद होते, तिचा मोठा हिस्सा त्याच्या पाठीमागच्या बचावाने घडवलेला असतो. हे नोंदीत उतरत नाही म्हणून काही मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होते. प्रश्न क्रीडावृत्ताच्या शैलीचा वाटला तरी तो तेवढाच नाही. एखाद्याच्या यशाची कथा सांगताना आपण काय गाळतो, हा समीक्षेचा जुनाच प्रश्न येथे मातीच्या मैदानावर उभा आहे.

प्रथम नियम पाहू. हुतूतूच्या निरनिराळ्या गावरीतींना नियमांत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झाले आणि त्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांचा मोठा वाटा होता. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. या खेळाच्या तीन रीती जाणकारांना ठाऊक आहेत. 'अमर' रीतीत स्पर्श झालेला गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मांडला जातो. 'गामिनी' रीतीत बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. 'संजीवनी' रीतीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. आज आपण जी कबड्डी पाहतो ती या संजीवनीच्या पायावर उभी आहे.

नावातच सारे आले. चढाईपटू एकटा जातो, एकटा दम धरतो आणि एकटा बाद होतो, पण जिवंत मात्र एकट्याने होऊ शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणी तरी गुण कमवावा लागतो. हा गुण कधी दुसऱ्या चढाईपटूने आणलेला असतो, तर पुष्कळदा समोरच्या चढाईपटूचा घोटा धरून कोपऱ्यातल्या गड्याने मिळवलेला असतो. यात आणखी दोन अटी आहेत. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने ते जिवंत होतात. म्हणून संघाचा मुख्य चढाईपटू तिसऱ्या क्रमांकावर बाहेर गेला असेल तर त्याला आत आणण्यासाठी प्रतिपक्षाचे तीन गडी बाद करावे लागतात. दुसरी अट अशी की बोनस रेषेवरचा गुण फलकावर चढतो, पण त्याने कोणी जिवंत होत नाही. त्यामुळे गुणफलक हलता असूनही चांगला गडी बाहेरच बसला आहे, असे दृश्य दिसू शकते.

याचा परिणाम किती होतो, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. सामना दोन डावांचा, प्रत्येक डाव २० मिनिटांचा, आणि चढाईची मुदत ३० सेकंदांची. सोयीसाठी प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले, तर एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला ४० चढाया येतात. समजा, दोन संघांत अगदी सारख्या कुवतीचे दोन चढाईपटू आहेत. दोघेही मैदानात असताना संघाची दर दुसरी चढाई करतात, दर दोन चढायांत एक गुण आणतात आणि दर चार चढायांत एकदा बाद होतात. पहिल्याचा बचाव भक्कम आहे, त्यामुळे तो बाद झाल्यावर समोरचा पुढचाच गडी पकडला जातो आणि तो लगेच परततो. त्याच्या २० चढाया होतात आणि १० गुण. दुसऱ्याचा बचाव कच्चा आहे. दर वेळी संघाच्या चार चढाया होईपर्यंत तो बाहेर बसतो. त्याच्या जेमतेम १३ चढाया होतात आणि गुण सहा-सात. कुवत तीच, दम तोच, पायांतील चपळाई तीच. तक्त्यात मात्र एक दुसऱ्याच्या दीडपट दिसतो. तक्ता वाचणारा म्हणेल, पहिला मोठा खेळाडू. आम्ही म्हणू, पहिल्याचा कोपरारक्षक मोठा.

हा हिशेब फक्त वेळेचा झाला. मनाचा हिशेब त्याहून बारीक आहे. ज्याला आपल्या बचावावर भरवसा असतो, तो चढाईपटू रिकाम्या हाताने परतायला लाजत नाही. तो निदान रेषा ओलांडतो, समोरच्या साखळीचा अंदाज घेतो, घाई करत नाही. गुण नाही मिळाला तरी पुढच्या क्षणी आपले गडी समोरच्याला धरतील, हे त्याला ठाऊक असते. ज्याचा बचाव गळका आहे, त्याला प्रत्येक चढाईत काही तरी आणलेच पाहिजे, कारण मागे गुण गळत असतात. तो खोल जातो, उशिरा वळतो आणि सापडतो. त्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणा नाही तर बाद व्हा, हा नियम आला आहे. समोरची फळी त्या तिसऱ्या चढाईची वाटच पाहत असते. अशा वेळी 'उतावळेपणा नडला' असे समालोचक म्हणतात. तो उतावळेपणा त्या मुलाच्या स्वभावातून आला की त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या कोपऱ्यातून, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, जरा निराळ्या रूपात आढळतो. त्या खेळात क्वार्टरबॅक हा नायक. चेंडू हातात आल्यावर तो कोणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. ती सेकंदे त्याच्यासमोर उभे असलेले पाच धिप्पाड गडी आपल्या अंगाने मिळवून देतात. फळी टिकली तर क्वार्टरबॅक द्रष्टा वाटतो, फळी फुटली तर तोच भांबावलेला दिसतो. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याची डावी बाजू त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी लॉरेन्स टेलरच्या धडकेत जो थाइसमन याचा पाय मोडला आणि त्याची व्यावसायिक कारकीर्द तेथेच संपली. मायकेल लुइस याने २००६ साली लिहिलेल्या 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकाचा आरंभ याच प्रसंगाने होतो. त्या न दिसणाऱ्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गड्याचे मोल बाजाराला कसे उमगत गेले, हे त्या पुस्तकाचे एक सूत्र आहे.

आम्हाला त्याहून बोलकी वाटते ती तेथील नोंदीची एक रीत. महाविद्यालयीन सामन्यांच्या अधिकृत नोंदीत, क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला की जितके यार्ड मागे जावे लागले, तितके त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये हेच नुकसान संघाच्या पासच्या खात्यात जाते. घटना एकच, पण एका वहीत ती एका मुलाची वैयक्तिक उणीव ठरते आणि दुसऱ्या वहीत संघाचे अपयश. फळी फुटली पाच जणांची आणि उणे आकडा मांडला गेला एकाच्या नावावर. वही तटस्थ असते असा आपला समज आहे. वही ही कथाच असते, फक्त तिचा निवेदक दिसत नाही.

कबड्डीच्या वहीचा निवेदकही असाच लपलेला आहे. चढाईचा गुण चढाईपटूच्या नावावर जातो. पकडीचा गुण सामान्यतः पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर जातो. साखळी धरून धावून आलेले, कंबर आवळणारे, मध्यरेषेकडे झेपावणारा हात मागे खेचणारे, हे सारे त्या एका आकड्यात विरघळतात. आणि अमक्याच्या पकडीमुळे तमका जिवंत झाला, त्याने आत येऊन पुढे इतके गुण केले, ही साखळी तर कोणत्याच रकान्यात नसते.

येथे अभिमन्यूची आठवण येणे साहजिक आहे. कबड्डीचे मूळ चक्रव्यूहात शोधण्याची आपल्याकडे हौसच आहे. त्या कथेतला जो भाग आपण घोकतो तो असा: त्याला आत शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. म्हणजे त्याच्या मृत्यूचे कारण त्याच्याच अपुऱ्या विद्येत. महाभारताने मात्र कथा एवढ्यावर ठेवलेली नाही. बाहेर पडता येत नाही, हे अभिमन्यू आधीच सांगतो. युधिष्ठिर आणि भीम त्याच्या पाठोपाठ आत येण्याचे वचन देतात. व्यूहाच्या मुखाशी जयद्रथ चारही पांडवांना अडवतो आणि आत गेलेला मुलगा एकटा पडतो. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे ती जयद्रथाविरुद्ध. अभिमन्यूवर प्रत्यक्ष घाव घालणारे महारथी वेगळेच होते. पाठीशी येणारी फळी ज्याने तोडली त्याच्यावर व्यासांनी हिशेब मांडला आहे. आमच्या गुणलेखकांपेक्षा व्यासांची वही अधिक काटेकोर होती, असेच म्हणावे लागते.

भाषेकडे पाहिले तर ही विस्मृती किती मुरलेली आहे ते कळते. शाहीर पोवाडा गातो तेव्हा झीलकरी मागे सूर धरून असतात. कीर्तनात टाळकरी ध्रुपद उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात आणि पुढचे निरूपण मनात जुळवतात. म्हणजे जो दम आपण बुवांचा किंवा शाहिराचा समजतो, तो मागच्यांनी पुरवलेला असतो. हे सारे आपल्या परंपरेला नीट ठाऊक होते. तरी 'री ओढणारा' ही आज शिवी आहे आणि 'झीलकरी' म्हणजे लाळघोट्या. पाठ राखणाऱ्याच्या कामाला आपण हिणवणीचा शब्द केला, मग त्याच्या नावाचा रकाना वहीत कोठून येणार? आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवाच्या घरी दळण-कांडण करीत राहिली. तिने आपले अभंग स्वतःच्या नावाच्या मुद्रेने बांधले, म्हणून जात्याचा आवाज आपल्यापर्यंत आला. ज्यांना मुद्रा नव्हती अशा किती जणी त्या काळातल्या घराघरांत असतील! कोपरारक्षकाला मुद्रा नसते. त्याची सही दुसऱ्याच्या गुणांत पुसट उमटलेली असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की थोर चढाईपटू कोणत्याही संघात थोरच असतो. प्रदीप नरवाल याने २०१७ च्या प्रो कबड्डी हंगामात चढाईचे ३६९ गुण केले. ते काय कोपऱ्यातल्या गड्याने करून दिले? नाही, ते त्यानेच केले आणि त्याची ती उसळी कोणी उसनी दिलेली नव्हती. पण त्याच हंगामात पाटण्याच्या संघात मोनू गोयतसारखा दुसरा चढाईपटू होता. मुख्य गडी बाहेर बसला की त्याला परत आत आणणे हे अशा दुसऱ्याचे पहिले काम असते. प्रदीपच्या ३६९ मध्ये या परतवण्याचा वाटा किती, हे कोणत्याही तक्त्यात शोधून सापडणार नाही. थोरवी नाकारण्याचा आमचा हेतू नाही. थोरवीला मैदानात किती वेळ उभे राहायला मिळाले, एवढेच विचारायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बचाव चढाईपटूला सांभाळतो तसा चढाईपटूही बचावाला सांभाळतो. त्याने समोरचे दोन गडी टिपले की आपले दोन आत येतात आणि साखळी पुन्हा भरते. हे खरे आहे आणि यामुळे आमचे म्हणणे बळकटच होते. देणेघेणे दोन्ही बाजूंनी आहे, तर एकाच बाजूच्या नावाने पावती फाडणे बरोबर नाही.

तिसरा आक्षेप, बचावाला आता मान मिळू लागला आहे. बाजारापुरते हे खरे आहे. २०१८ च्या लिलावात फझल अत्राचली या इराणी कोपरारक्षकाला यू मुंबाने एक कोटी रुपये मोजले. मोहम्मदरझा शादलुई याच्यासाठी पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये दिले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचे होते आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणे विजेते ठरले. त्या हंगामातला सर्वाधिक गुणांचा चढाईपटू पुण्याचा नव्हता. अस्लम इनामदारसारख्या कर्णधाराच्या शांत, मोजक्या चढायांमागे काय उभे होते, हे त्या २८-२५ मध्ये वाचता येते. त्याआधी २०१५ साली अनुपकुमारच्या यू मुंबाने विजेतेपद मिळवले तेव्हा मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे सांभाळत होते. अनुपकुमारच्या संयमाचे कौतुक सर्वांनी केले, ते योग्यच होते. पण असे दोन कोपरे मागे असतील तर संयम परवडतो, हे फार थोड्यांनी लिहिले. बाजाराने मोल ओळखले, गद्याने अजून ओळखलेले नाही. आणि बाजाराची ओळख लिलावाच्या मंडपापुरती असते. ती गावापर्यंत पोचत नाही.

गावापर्यंत म्हणजे कोठपर्यंत? परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या बोरीपर्यंत. येथील किंवा आसपासच्या गावातल्या मुलाला पुढे जायचे तर जिना ठरलेला आहे: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. महाविद्यालयात गेला तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि तेथून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ. या जिन्यावर हरलेल्या संघातून एखादा गडी उचलायचा असतो तेव्हा निवड करणाऱ्यांपुढे असतात दोन-तीन सामने आणि गुणांची वही. त्या वहीत कच्च्या बचावाच्या संघातला गुणी चढाईपटू सहा-सात गुणांचा दिसतो. शहरातल्या जुळलेल्या संघातला त्याच्याच तोडीचा मुलगा दहा गुणांचा दिसतो. निवड कोणाची होणार, हे सांगायला नको. यात कोणाची लबाडी नाही. वही जे दाखवते तेच पाहणारे पाहतात.

आणि गावाचा बचाव कच्चा का असतो, याचे उत्तर मैदानाबाहेर आहे. चढाईची तयारी एकट्याने होते. बांधावर पळून, दोर उड्या मारून, धाकट्या भावाला समोर उभे करून मुलगा पायाची तळी घासून घेऊ शकतो. साखळी पकडीची तयारी एकट्याने होत नाही. तेच सात जण महिनोन्महिने संध्याकाळी एका मैदानावर यावे लागतात. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की मध्यरक्षकाने कोणत्या क्षणी झेपावायचे, हे बोलून ठरत नाही, ते अंगांत एकत्र मुरते. मराठवाड्यातल्या गावांत नेमके हे एकत्र राहणेच दुर्मीळ झाले आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम लागतो आणि तांड्या-वस्त्यांवरची कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी पुण्याच्या कंपनीत जातो, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला शहरात खोली घेतो. एक गडी गेला की चढाईला बदली सापडतो. साखळीतला एक हात सुटला की साखळीच राहत नाही. म्हणून स्थलांतराने गावाच्या संघाचे पहिले काय मोडत असेल तर तो बचाव, आणि त्या मोडण्याची किंमत वहीत लिहिली जाते ती गावातच राहिलेल्या चढाईपटूच्या नावावर. महाविद्यालयीन क्वार्टरबॅकच्या खात्यातले ते उणे यार्ड आम्हाला परके वाटले नाहीत, ते याचसाठी.

गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन बक्षिसे असतात, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यांतले दुसरे वाढवून मिळावे, अशीही मागणी नाही. बक्षिसाने पुन्हा एकच नाव पुढे येईल. आमची सूचना अगदी साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. गुणलेखकाच्या वहीत दोन रकाने वाढवावेत. एकात, बाद झालेला गडी संघाच्या किती चढाया होईपर्यंत बाहेर बसला, तो आकडा. दुसऱ्यात, तो कोणाच्या गुणाने जिवंत झाला, त्याचे नाव. शाळा-महाविद्यालयांत वही सांभाळायला बहुधा एखाद्या विद्यार्थ्यालाच बसवतात. मराठीच्या शिक्षकांनी त्या वहीवरून सामन्याचा वृत्तान्त लिहायला सांगावा. 'मोलाची साथ दिली' या वाक्याच्या जागी मुले काय लिहितात, ते पाहावे. कोणाची साथ, कोणत्या क्षणी, कोणाला परत आणण्यासाठी आणि परत आलेल्याने पुढे काय केले, हे लिहावे लागले की बातमीचे गद्य आपोआप बदलेल.

निवड करणाऱ्यांनी तो पहिला रकाना वाचला, तर सहा गुणांच्या मुलापुढे त्यांना आणखी एक आकडा दिसेल: हा गडी सामन्याचा तिसरा हिस्सा बाहेर बसून होता. मग ते कदाचित त्याला आणखी एक सामना खेळवून पाहतील, या वेळी चांगल्या कोपऱ्यांच्या पुढे. जिन्याची पुढची पायरी त्याला मिळेल की नाही, ते त्यानंतर त्याच्या पायांनी ठरवावे.